घोटीच्या आकाशातील तीन सूर्य

महाराष्ट्रातील समकालीन दृश्यकलेचा अभ्यास करणारे विद्वान बहुधा मुंबईच्या जहांगीर कलादालनापासून प्रारंभ करतात आणि तेथेच थांबतात, त्यामुळे रसिकाची इच्छा असो वा नसो, त्याला रोज जाता-येता पाहाव्याच लागणाऱ्या एका कलाप्रकाराची नोंद कोठेही होत नाही. हा कलाप्रकार म्हणजे फ्लेक्स. फ्लेक्स या नावाने ओळखले जाणारे कापड पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर चढवून तयार होते, त्यावर यंत्राने शाईचे फवारे मारून चित्र उमटवले जाते, आणि ते चित्र म्हणजे आंतरजालावरून उतरवून घेतलेल्या निरनिराळ्या प्रतिमांचे तुकडे कापून, एकावर एक रचून, त्यांच्या कडा पुसट करून घडवलेली एक मिश्रप्रतिमा असते. पाश्चात्त्य कलासमीक्षेत अशा चित्रास फोटोमोंटाज म्हणतात आणि त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिले जातात. घोटीत त्यास ‘बॅनर’ म्हणतात आणि ते संध्याकाळपर्यंत हवे असते.

इगतपुरी तालुक्यातील घोटी या गावाची या विवेचनासाठी निवड करण्यामागे भौगोलिक कारण आहे. मुंबई-आग्रा महामार्ग येथून जातो, मध्य रेल्वेचे स्थानक येथे आहे, सिन्नरचा रस्ता येथे येऊन मिळतो, भंडारदऱ्याकडे आणि कळसूबाईच्या पायथ्याशी असलेल्या बारी गावाकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो, आणि भाताच्या गिरण्या व बाजारपेठ यांमुळे आसपासच्या वाड्यापाड्यांवरील माणसाला आज ना उद्या घोटीला यावेच लागते. ज्यास आपला चेहरा सर्व तालुक्यास दाखवावयाचा आहे, त्याने घरोघर फिरण्याऐवजी तो घोटीच्या चौकात टांगणे हेच शहाणपणाचे, हा हिशेब ज्या दिवशी प्रथम कोणाच्या ध्यानात आला, त्या दिवसापासून चौकातील विजेच्या खांबांना दुसरे काम मिळाले.

फ्लेक्सच्या रचनेचे शास्त्र अलिखित असले तरी अत्यंत काटेकोर आहे. सर्वांत वरच्या पट्टीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा फुले, राजर्षी शाहू महाराज व डॉ. आंबेडकर यांच्या प्रतिमा असतात, आणि तालुक्यात आदिवासी वस्ती मोठी असल्यामुळे त्यांच्या शेजारी बिरसा मुंडा व राघोजी भांगरे यांनाही स्थान मिळते. येथपर्यंत वादास जागा नसते. वाद सुरू होतो तो दुसऱ्या पट्टीपासून, कारण तेथे हयात माणसे येतात. राज्य पातळीवरील नेते, त्यांच्याखाली जिल्ह्याचे, त्यांच्याखाली तालुक्याचे, मध्यभागी ज्याचा वाढदिवस तो उत्सवमूर्ती, आणि तळाशी ‘शुभेच्छुक’ या एकाच शब्दाखाली दाटीवाटीने बसवलेले चेहरे, अशी ही उतरंड असते. यात चेहऱ्याचा आकार अंतरावर ठरत नाही, अधिकारावर ठरतो. या तत्त्वास कोणी अडाणीपणा म्हणू नये, कारण अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वही भोवतालच्या सर्व आकृतींहून असाच थोर आकाराचा रंगवलेला आहे, फरक इतकाच की, अजिंठ्याच्या चित्रकाराकडे भोवतालच्या आकृतींपैकी कोणी येऊन “माझा फोटो त्याच्यापेक्षा बारीक का?” असे विचारल्याची नोंद आढळत नाही.

शुभेच्छुकांच्या चेहऱ्याचा आकार वर्गणीवर अवलंबून असतो, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात त्यात वर्गणी, नाते, भावकी, आगामी निवडणूक आणि फोटो किती वाजता पाठवला, अशा अनेक घटकांचा गुणाकार असतो. ज्याने वर्गणी दिली पण फोटो दिला नाही, त्याचे केवळ नाव येते. ज्याने फोटो दिला पण वर्गणी दिली नाही, त्याचा चेहरा शेजाऱ्याच्या खांद्यामागून डोकावतो. आणि ज्याने दोन्ही दिले परंतु रात्री अकरा वाजता दिले, त्यास फ्लेक्सवाला उजव्या कोपऱ्यात, स्वतःच्या मोबाइल क्रमांकाच्या वर, उरलेल्या जागेत बसवतो. नुसती चित्रकला येऊन हा धंदा होत नाही. तालुक्याचे राजकारण तोंडपाठ नसलेला कलाकार येथे दोन महिन्यांत दुकान बंद करील, मग त्याचा हात कितीही सफाईचा असो. अलीकडे काही चतुर दुकानदारांनी सर्व शुभेच्छुकांना एकाच मापाच्या गोल चौकटी देण्याची प्रथा पाडली आहे. लोकशाहीच्या दृष्टीने हे पाऊल स्तुत्य आहे, मात्र त्यामुळे भांडण मिटले नसून आकारावरून क्रमावर सरकले आहे.

उत्सवमूर्तीविषयी, म्हणजे फलकावरच्या ‘भाऊं’विषयी, स्वतंत्र विवेचन आवश्यक आहे, कारण तो एकाच चित्रात अनेकदा अवतरतो. एकदा हात जोडून, एकदा पांढऱ्या मोटारीसमोर चालत, एकदा काळा चष्मा लावून खुर्चीत, आणि एकदा कानाला मोबाइल लावून गंभीर मुद्रेने दूर पाहताना. पलीकडून नेमके कोण बोलत आहे, याचा उलगडा आजवर कोणत्याही फ्लेक्सने केलेला नाही. त्याच्या शेजारी पुष्कळदा एक सिंह चालत असतो. हा सिंह आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशातील असून कोणा परदेशी छायाचित्रकाराने जीव मुठीत धरून टिपलेला असतो, आणि त्याची आयाळ केस न केस राखून कापणे हे या व्यवसायातील सर्वांत किचकट काम मानले जाते. तालुक्यात प्रत्यक्ष वावरणारा बिबट्या मात्र कोणाच्याही फ्लेक्सवर दिसत नाही, कारण त्याच्याविषयी कोणास आदर नसून केवळ वन खात्याकडे करावयाची तक्रार असते.

आता या मिश्रणाची तांत्रिक बाजू पाहू जाता तिचा पाया ‘लेअर’ या कल्पनेत आहे. लेअर म्हणजे पारदर्शक काचेसारखा थर. प्रत्येक तुकडा स्वतंत्र थरावर ठेवला असता एकास धक्का न लावता दुसरा हलवता येतो. थॉमस व जॉन नॉल या बंधूंनी घडवलेले फोटोशॉप 1990 साली बाजारात आले आणि 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यास लेअरची जोड मिळाली. तथापि एक प्रतिमा दुसरीत मिसळण्याचे गणित त्याआधीच, 1984 साली, टॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी एका शोधनिबंधात मांडले होते. प्रत्येक बिंदूस लाल, हिरव्या व निळ्या रंगांच्या जोडीला अपारदर्शकतेचा एक चौथा आकडा द्यावा आणि त्यावरून मागचे किती दिसावे ते ठरवावे, असा त्याचा सारांश आहे. या चौथ्या आकड्यास अल्फा म्हणतात. घोटीतील कारागिराने या दोघांची नावे ऐकलेली नसतील, परंतु त्यांचे समीकरण तो दिवसातून शेकडो वेळा, चहाचा कप डाव्या हातात धरून, सोडवत असतो.

मिश्रणाच्या ज्या पद्धती त्याला नित्य लागतात त्यांपैकी दोन सांगण्याजोग्या आहेत. ‘मल्टिप्लाय’ या पद्धतीत दोन थरांच्या उजळपणाचे, शून्य ते एक या मापातील आकडे एकमेकांशी गुणले जातात. पांढरा म्हणजे एक, आणि कोणत्याही संख्येस एकाने गुणल्यास ती तशीच राहते, म्हणून पांढऱ्या कागदावरील सही किंवा काळे रेखाचित्र वर ठेवले की पांढरा भाग आपोआप नाहीसा होतो. ‘स्क्रीन’ ही याच्या उलट पद्धत असून तिच्यात काळा भाग गळून पडतो. आंतरजालावर आतषबाजी, धूर, ठिणग्या व प्रकाशाचे झोत काळ्या पार्श्वभूमीवर टिपलेले मिळतात. ते ‘स्क्रीन मारून’ बसवले की भाऊंच्या मस्तकामागे तेजोवलय उभे राहते. या तेजोवलयाचे एक पथ्य मात्र पाळावे लागते. तेच छायाचित्र, तेच वलय आणि तीच फुले घेऊन पुढे-मागे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चाही फलक करावा लागत असल्यामुळे दोन्हींची फाइल बहुधा एकच असते, आणि समईचा लेअर बंद करावयाचा राहून गेल्यास वाढदिवसाच्या सकाळी उत्सवमूर्तीच्या घरी जे घडते, त्यास कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये मागे जाण्याची सोय नाही.

याहून अधिक क्लेशदायक प्रकरण पीएनजीचे आहे. पीएनजी हा प्रतिमा साठवण्याचा 1996 पासून चालत आलेला प्रकार असून त्यात वर सांगितलेला अल्फा जपला जातो, म्हणजे हाराचे चित्र उतरवले तर हारामागे काहीही नसते आणि तो थेट कोणाच्याही गळ्यात घालता येतो. पडद्यावर हे ‘काहीही नसणे’ दाखवण्यासाठी करड्या-पांढऱ्या चौकड्यांची नक्षी वापरण्याचा संकेत आहे. आंतरजालावरील काही उदार मंडळींनी मात्र ही चौकड्यांची नक्षीच चित्रात रंगवून ठेवलेली असते, त्यामुळे घाईत उतरवलेला हार पारदर्शक भासतो पण नसतो, आणि तो घातल्यावर सत्कारमूर्तीच्या छातीवर बुद्धिबळाचा पट मांडल्याप्रमाणे दिसू लागते. रात्रीचे बारा वाजलेले असतात, छपाईच्या यंत्रावर पाळी लागलेली असते, आणि ग्राहक शेजारी बसून “शर्टाचं डिझाइन वाटेल, जाऊ दे” असे म्हणून स्वतःच निकाल देऊन टाकतो. येथे नमूद करणे भाग आहे की, दुसऱ्या दिवशी खरोखरच कोणाच्याही ते लक्षात येत नाही, कारण प्रत्येक जण फलकावर आपलाच चेहरा शोधत असतो.

प्रकाशाचा प्रश्न तात्त्विक आहे. नेत्याचे छायाचित्र स्टुडिओत डावीकडून उजेड टाकून काढलेले, उत्सवमूर्तीचे लग्नमंडपात उजवीकडच्या हॅलोजनखाली, मित्राचे मोबाइलच्या फ्लॅशने समोरून, आणि पार्श्वभूमीत समुद्रावरचा सूर्यास्त. हे सर्व एकत्र आले की या चित्रविश्वास किमान तीन सूर्य लाभतात आणि चौथा मावळत असतो. युरोपीय चित्रकारांनी एकाच खिडकीतून येणाऱ्या उजेडासाठी हयाती घालवल्या, घोटीच्या कारागिराने मात्र सर्वांमागे एकसारखी काळी सावली, जिला ‘ड्रॉप शॅडो’ म्हणतात, टाकून हा प्रश्न एका टिचकीत सोडवला आहे. ही सावली जमिनीवर न पडता थेट आकाशावर पडते. पण नेत्याची सावली कोठवर पडू शकते याविषयी कार्यकर्त्यांची जी धारणा असते तिच्याशी हे सुसंगतच म्हणावे लागेल.

पार्श्वभूमीची निवड हा तर या कलेतील सर्वांत गूढ भाग आहे. घोटीहून निघाल्यास थोड्याच अंतरावर कळसूबाई आहे, 1646 मीटर उंचीचे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. पावसाळ्यात तालुक्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि भातखाचरे, धबधबे व धुके पाहण्यासाठी मुंबईचे लोक पेट्रोल जाळून येथे येतात. असे असता येथील शुभेच्छा-फलकामागे आल्प्स पर्वत असतो, त्यावर बर्फ असतो, आणि बर्फाच्या पायथ्याशी ट्यूलिपच्या बागा असतात. तांदळाच्या जाहिरातीमागे गव्हाचे सोनेरी शेत डोलते, कारण शोधचौकटीत ‘शेत’ असे टाकले असता जे प्रथम येते तेच घेतले जाते. यास केवळ निष्काळजीपणा समजणे अन्यायाचे ठरेल. खिडकीतून जे फुकट दिसते ते पैसे देऊन छापून कोण घेणार, हा येथील ग्राहकाचा विचार आहे आणि तो व्यवहाराला धरून आहे. स्वित्झर्लंडमधील गवळीही आपल्या कार्यक्रमाच्या फलकावर कळसूबाई लावत असल्यास ही देवाणघेवाण पूर्ण होईल, पण त्या दिशेने अद्याप हालचाल दिसत नाही.

या कलेस पूर्वपरंपरा नाही, असा आरोप होतो तो मात्र अज्ञानमूलक आहे. ऑस्कर रेलँडर या छायाचित्रकाराने 1857 साली तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भव्य नीतिबोधक चित्र सिद्ध केले आणि त्याची एक प्रत खुद्द व्हिक्टोरिया राणीने विकत घेतली. घोटीत तीस चेहरे जोडल्याबद्दल वेगळा आकार लावण्याची सोय नाही, दर चौरस फुटाचाच असतो. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये हाना ह्योख हिने वर्तमानपत्रांतील सम्राट, मंत्री व सेनापती यांची चित्रे कात्रीने कापून त्यांची यथेच्छ टवाळी करणारे फोटोमोंटाज रचले. बर्लिनमध्ये नेत्यांना कापले ते खाली ओढण्यासाठी आणि घोटीत कापतात ते हार घालण्यासाठी, पण कात्री तीच आहे. भारतातील छायाचित्र-स्टुडिओंचा अभ्यास करणारे मानवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर पिनी यांनी ‘कॅमेरा इंडिका’ या 1997 च्या ग्रंथात मध्य प्रदेशातील नागदा गावच्या स्टुडिओंची दखल घेतली असून, आरशात पाहिल्याप्रमाणे हुबेहूब दिसण्यापेक्षा जसे असावेसे वाटते तसे दिसणे हीच तेथील ग्राहकाची अपेक्षा असते, असे त्यांच्या विवेचनातून दिसते.

त्याहूनही जवळचा पूर्वज नाशिक जिल्ह्यातच जन्मला आहे. दादासाहेब फाळके यांचा जन्म 1870 साली त्र्यंबकेश्वरी झाला, जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले, आणि चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते छायाचित्रण व छपाई याच व्यवसायात होते; रवि वर्मा यांच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केले. त्या छापखान्यातील देवदेवतांच्या रंगीत चित्रांवर घरोघरच्या बायका जर, टिकल्या व कापडाचे तुकडे चिकटवून लक्ष्मीला खरी साडी नेसवत असत, म्हणजे छापील प्रतिमेत बाहेरची वस्तू मिसळण्याची हौस संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. फाळक्यांच्या 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या. ज्या जिल्ह्याने हे शतकापूर्वीच पाहून ठेवले आहे, त्याने एका फलकावर चार ठिकाणी उभ्या असलेल्या भाऊंना हसावे, हे इतिहासास धरून नाही.

कायद्याविषयी थोडक्यात सांगायचे तर परिस्थिती नाजूक आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्रावर छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क चालतो, त्यामुळे सिंह, आल्प्स आणि सूर्यास्त हे तिन्ही बहुधा दुसऱ्याचे असतात, आणि कधी कधी चित्रविक्री करणाऱ्या कंपनीचा पुसट ठसा भाऊंच्या गालावरून तिरका जात याची आठवणही करून देतो. फलक विनापरवाना लावणे हा मालमत्तेचे विद्रूपण रोखणाऱ्या 1995 च्या अधिनियमाचा विषय आहे, आणि उच्च न्यायालयाने त्याबाबत वेळोवेळी खडसावलेही आहे. न्यायालयाच्या आदेशाचे स्वागत करणारा फ्लेक्स अद्याप लागलेला नाही, एवढीच काय ती उणीव.

सुमारे 2022 पासून वाक्य लिहिले की चित्र देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आली आहेत. आंतरजालावरील अब्जावधी चित्रांवर पोसलेली ही यंत्रे जे करतात ते मुळात फ्लेक्सवाल्याचेच काम, फक्त त्यांची कात्री दिसत नाही. सिंहाची आयाळ आता कापावी लागत नाही, मागितला की सिंह भाऊंच्या शेजारी चालतच येतो. पण यंत्राने सुधारून दिलेल्या चेहऱ्यात भाऊ इतके देखणे होतात की, खाली नाव वाचल्याशिवाय गावास ओळख पटत नाही, आणि मग ज्या हेतूने खर्च केला तोच बुडतो. कोणाचा फोटो कोणाच्या शेजारी लावू नये, हे तर त्या यंत्रास कोणी शिकवलेलेच नाही. या एका कारणास्तव घोटीतील कारागिराची भाकरी तूर्तास सुरक्षित आहे, असे मानण्यास जागा आहे.

वाढदिवस उलटल्यानंतर फ्लेक्सचे दुसरे आयुष्य सुरू होते, आणि या पावसाच्या मुलुखात तेच अधिक उपयुक्त ठरते. महागड्या ताडपत्रीऐवजी तो गोठ्याच्या छपरावर, पेंढ्याच्या ढिगावर, रचलेल्या विटांवर किंवा बाजारातील भाजीच्या पालावर चढतो. शाई टिकाऊ असल्याने दोन-दोन पावसाळे चेहरा जात नाही, आणि एखाद्या पाड्यावर ‘भावी सरपंच’ उलटे टांगलेल्या अवस्थेत म्हशीवर छत्र धरून उभे दिसतात. निवडून आल्यावर ते छत्र धरतीलच याची शाश्वती नसल्यामुळे म्हशीच्या मालकाने आधीच वसुली करून घेतली, तर त्यास दोष देता येत नाही.

राहता राहिला तो चेहऱ्याच्या अस्पष्टतेचा प्रश्न, आणि त्यास कलाकार जबाबदार नाही. फ्लेक्सवरील सहा फूट उंच चेहरा म्हणजे 72 इंच. इंचाला 72 बिंदू धरले तरी त्यास पाच हजारांहून अधिक बिंदूंची उंची लागते, आणि ग्राहक मात्र “डीपीवरचा घ्या ना” असे सांगून मोकळा होतो, ज्यात चेहऱ्याच्या वाट्यास जेमतेम तीनशे बिंदू आलेले असतात. मग एकेक बिंदू पाव इंचाचा होतो आणि भाऊ जवळून मोझॅकच्या फरशीतून प्रकटल्यासारखे भासतात. तरी ज्यांचा वाढदिवस जवळ आला आहे त्यांना विनंती की, फोटो साध्या भिंतीसमोर, दिवसाच्या उजेडात काढावा. तो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, म्हणजे तो आक्रसत नाही. मॅटर आदल्या दिवशी दुपारपर्यंत, सर्वांची नावे व पदे तपासून द्यावे. आणि छपाई सुरू झाल्यावर शुभेच्छुकांत नाव वाढवून मिळणार नाही.